फाटकापासून कोपऱ्यापर्यंत

“हसत होती,” शाळेतली मावशी म्हणाली.

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. “म्हणजे रडत नव्हती.”

“नाही.”

“ओढून नेलं का त्यांनी?”

“नाही. तीच धावत गेली. ‘बाबा आले’ म्हणून ओरडली आणि त्यांच्या गळ्यात पडली.”

हवालदाराने ते सगळं सावकाश, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. शेजारच्या बाकावर मुलीची आई बसली होती. कामावरून तशीच धावत आली होती, दुकानाचं ओळखपत्र अजून गळ्यात लटकत होतं. मावशीच्या उत्तरागणिक तिची मान आणखी खाली जात होती आणि मावशीला ते दिसत होतं. पण खरं ते खरं, त्याला मावशी तरी काय करणार होती?

“बूट मात्र घातले नव्हते तिने,” मावशी घाईने म्हणाली.

“चोरीला गेले?”

“नाही हो. तिच्या बाबांच्या हातात होते. तिला बूट स्वतःचे स्वतः घालायचे असतात. दुसऱ्याने बंदाला हात लावलेला चालत नाही. रोज दहा मिनिटं लागतात. ते थांबले नाहीत. बूट उचलले, पोरीला उचललं आणि गेले.”

हवालदाराने पेन हवेत धरून थोडा विचार केला. “बुटांचं काय लिहू आता?” असं म्हणून त्याने कागद सहीसाठी पुढे सरकवला.

माणूस वाईट नव्हता. त्याने त्या आईला दोनदा पाणी आणून दिलं होतं, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं होतं. पण बापाने स्वतःच्याच मुलीला शाळेतून नेलं तर त्याला गुन्हा कोणता म्हणायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आतल्या खोलीतल्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. घरचं भांडण आहे, घरात मिटवा, असं साहेबांनी आतूनच सांगितलं होतं. दोन दिवसांत आणून सोडतील बघा, रागाच्या भरात नेतात आणि पोराला ताप आला की घाबरतात, असं हवालदाराने स्वतःच्या पदरचं जोडलं. मावशीला ते ऐकून बरं वाटलं. आईने मात्र मान वर केली नाही.

मावशी त्या शिशुशाळेच्या फाटकावर बावीस वर्षं होती. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळकरी होता; त्याला वाढवायला म्हणून ही नोकरी धरली आणि मुलगा शिकून दूरच्या शहरी गेला तरी नोकरी सुटली नाही. तीन ते सहा वर्षांची साठ मुलं सकाळी आत घ्यायची आणि दुपारी ज्याची त्याच्या हाती द्यायची, एवढंच काम. एवढंच म्हणायला सोपं आहे. ज्याने एकदा तरी साठ मुलांना एकाच वेळी बूट घालायला बसवलं असेल त्याला विचारा.

मुलांची खरी नावं मावशीच्या लक्षात राहत नसत. ती स्वतः नावं ठेवी. दुसऱ्यांच्या चुका सांगत फिरणारा तो फौजदार. गोल तोंडाचा तो बटाट्या. आणि सगळ्यांत शेवटी बूट घालून होणारी ती गोगलगाय. मुलांच्या आयांनाही मग तीच नावं चिकटत. गोगलगाईची आई चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम करी, आणि दुपारच्या सुट्टीत साडेबाराच्या पुढे पाचेक मिनिटांनी धापा टाकत येई. तोवर गोगलगाय पायरीवर बसून उजव्या बुटाशी झटत असे. दोघी मग डावा बूट होईपर्यंत थांबत. आईने कधी घाई केली नाही. घड्याळ बघायची, ओठ चावायची, पण थांबायची.

शाळेचा नियम असा होता की प्रत्येक मुलाचं एक कार्ड असे. त्याला कोण कोण नेऊ शकतं, त्यांचे फोटो त्यावर चिकटवलेले असत. ही साठ कार्डं एका कडीत ओवून फाटकाजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. मावशी त्या खिळ्याला आपली पिशवी अडकवी. कार्डांकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. तिची स्वतःची रीत होती. फाटकाशी माणूस आला की ती माणसाकडे बघतच नसे, मुलाकडे बघे. मूल धावलं की सोडायचं. मूल अडखळलं, मागे सरकलं, की हात घट्ट धरायचा. माणूस खोटं बोलेल, कार्ड खोटं बोलेल, मुलाचे पाय खोटं बोलत नाहीत, असं ती नव्या शिक्षिकांना शिकवत असे.

आणि ही रीत काही उगाच पडलेली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एक गृहस्थ अगदी बरोबर कार्ड घेऊन आले होते, फोटोसुद्धा त्यांचाच. पण मुलगा मावशीच्या पाठीमागे जाऊन लपला. मावशीने त्याला सोडलं नाही. गृहस्थांनी आरडाओरडा केला, मोठ्या बाई कार्यालयातून धावत आल्या, त्याही म्हणाल्या की सोडा. मावशी ढिम्म. तासाभराने मुलाचे आईवडील आले तेव्हा कळलं की त्या काकांशी घरचं भांडण झालं होतं आणि कार्ड बदलायचं राहिलं होतं. त्यानंतर मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मावशीचं कौतुक केलं आणि तिला मनगटी घड्याळ दिलं. ते घड्याळ ती अजून वापरत होती. त्या दिवसापासून मावशीची रीत हाच शाळेचा नियम झाला आणि कार्डांवर धूळ बसत गेली.

गोगलगाईच्या आईशी तिची खास ओळख व्हायला आणखी एक कारण होतं. सहा महिन्यांपूर्वी मावशीने रस्त्यावरच्या एका भलत्याच बाईला गोगलगाईची आई समजून हात केला होता. खऱ्या आईने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच दुकानात नेलं. तपासणी झाल्यावर तिने विचारलं होतं, “मावशी, शाळेच्या कोपऱ्यावर रंगाचं दुकान आहे ना, त्याच्या पाटीवर काय लिहिलंय?”

“तिथे पाटी आहे?” मावशीने विचारलं.

गोगलगाईची आई इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मावशीला जवळचं छान दिसत होतं, लांबचं मात्र धुकं होतं, आणि हे धुकं किती वर्षांचं आहे हे तिला स्वतःलाही सांगता येईना. आईने नंबर काढून दिला, काचा बसवून दिल्या, कानामागे दांड्या नीट वाकवून दिल्या. मावशीने तो चष्मा दोन दिवस घातला. मग फौजदाराने नाकावरून ओढला, बटाट्याने त्यावर बोटं उमटवली, आणि चष्मा डबीत, डबी खिशात गेली. आई रोज विचारी, चष्मा कुठाय? मावशीचं उत्तर ठरलेलं. मला फाटकापुरतं दिसलं तरी पुष्कळ, मूल बाहेर गेलं की माझं काम संपलं.

त्या मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलं पायरीवर येऊन बसायला लागली होती. गोगलगाईने एक बूट समोर ठेवला होता आणि ती त्याची जीभ सरळ करत होती. फाटकाशी तिचे बाबा आले. ते कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असत हे मावशीला ठाऊक होतं. गेले पाच महिने ते त्या घरात राहतच नव्हते, हे मावशीला ठाऊक नव्हतं. हे आईने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने फक्त कार्यालयात जाऊन जुनं कार्ड परत दिलं होतं आणि नवं करून घेतलं होतं. नव्या कार्डावर दोनच फोटो होते, तिचा आणि तिच्या भावाचा. ते कार्ड कडीत अडकवलेलं होतं आणि त्यावर मावशीची पिशवी टांगलेली होती.

गोगलगाय धावली. मोजे घातलेल्या पायांनी, दोन्ही हात वर करून. मावशीने नेहमीप्रमाणे तिच्याकडे पाहिलं आणि इतका आनंदी चेहरा पाहून तिलाही हसू आलं. बाबा म्हणाले, जरा घाई आहे मावशी. त्यांनी बूट उचलले, मुलीला कडेवर घेतलं. बूट घालायचेत मला, असं ती म्हणाली तेव्हा ते म्हणाले की गाडीत घालू. मावशी फाटक लावून वळली, कारण बटाट्याच्या कोटाची चेन अडकली होती आणि तो रडायच्या बेतात होता.

आई साडेबाराच्या पुढे पाच मिनिटांनी आली. पायरीकडे पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. मावशी हसून म्हणाली, आज तुम्हाला सुट्टी, तिचे बाबा घेऊन गेले. त्यानंतर त्या आईचं तोंड कसं झालं, हे मावशीने पुढे कोणालाही, अगदी आपल्या मुलालाही, सांगितलं नाही.

दोन दिवस गेले, चार गेले. मुलीला कोणी आणून सोडलं नाही. बाबांचा फोन बंद होता, त्यांच्या आईच्या घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. एकच निरोप आला. ती मजेत आहे, शोधू नकोस. आईने वकील गाठला. वकील म्हणाला की बाबांचा भाऊ परदेशात आहे, मुलीला तिकडे नेण्याआधी अडवायचं तर न्यायाधीशांकडून तातडीचा हुकूम हवा. आणि तातडी कशाची, हे त्यांना पटवायचं तर त्या दिवशी नेमकं काय झालं हे सांगणारं कोणी हवं. सांगणारी एकच होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गोगलगाईचा मामा मावशीच्या खोलीवर आला. कार्डावरचा दुसरा फोटो त्याचाच होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. मावशीने चहा पुढे केला तोही घेतला नाही. मावशी, उद्या फक्त एवढंच म्हणा की ती रडत होती, असं तो म्हणाला. पोलिसांत घाबरून गेले होते म्हणून चुकीचं बोलले, असं सांगा. एका शब्दाने माझ्या बहिणीचं लेकरू परत येईल.

“ताईंनी पाठवलं का तुम्हाला?” मावशीने विचारलं.

“नाही. ती कोणाशीच बोलत नाही. आणि तुमचं तर नावही काढत नाही.”

मावशी म्हणाली, बघते. तो गेल्यावर ती किती तरी वेळ रडत होती, रडत होती, असं स्वतःशी म्हणून बघत बसली. तोंडाला सवय झाली की उद्या आपोआप येईल असं तिला वाटलं. चूक तिची होती, आता एवढं तरी तिने करायला हवं होतं. तिने खरंच ठरवलं होतं.

न्यायाधीशांची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. टेबलावर फायलींचे ढीग, एका ढिगावर अर्धा प्यालेला चहा. बाबा आले नव्हते, पण त्यांचा वकील आला होता, कोरा करकरीत सूट घालून, सगळे कागद जागच्या जागी लावून. ज्या माणसाने रागाच्या भरात मुलीला नेलं त्याचा वकील इतका तयार कसा, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. मावशीला तो सुचला, पण तिला कोणी प्रश्न विचारायला बोलावलेलं नव्हतं.

“मुलगी वडिलांकडे कशी गेली?” त्या वकिलाने विचारलं.

मावशीने तोंड उघडलं. आणि तिच्यासमोर तो चेहरा आला, दोन्ही हात वर केलेला. बावीस वर्षं तिने मुलांच्या चेहऱ्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट तिला येत होती, आणि त्याच गोष्टीबद्दल आता खोटं बोलायचं होतं. तिला ते जमलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. भीती तर वाटतच होती. जीभच उचलेना.

“धावत,” ती म्हणाली. “हसत.”

“आईला हाक मारली?”

“नाही.”

मग आईचा वकील उठला. त्याने बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा एक मुद्दा शोधून आणला होता. तुमची नजर अधू आहे, चष्मा तुम्हाला माझ्या अशिलानेच करून दिला, तो त्या दिवशी डोळ्यांवर होता का, असं त्याने विचारलं.

“नव्हता. खिशात होता.”

“म्हणजे तुम्हाला तिचा चेहरा नीट दिसला नसणार.”

मावशीने आईकडे पाहिलं. आई टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिने हाताची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवली होती की नखं पांढरी पडली होती.

“जवळचं मला दिसतं, साहेब,” मावशी म्हणाली. “लांबचं दिसत नाही. कोपऱ्यावर कोण आहे ते नाही सांगता येणार मला. पण ती माझ्या हाताच्या अंतरावर होती.” आणि मग राहवेना म्हणून तिने बुटांचं सांगायला घेतलं. ती स्वतः बूट घालते, रोज घेऊन जाणारा माणूस थांबतो, ज्याला पळायचं असतं तोच थांबत नाही. न्यायाधीशांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “विचारलं तेवढंच सांगा, बाई.”

त्यांनी निकाल दिला तोही मऊच होता. जबरदस्ती दिसत नाही, वडील हे वडील आहेत, दोन्ही बाजू नीट ऐकायला हव्यात, पुढची तारीख एक महिन्यानंतरची. बाहेरच्या व्हरांड्यात मामा मावशीच्या अंगावरून पुढे गेला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, झालं तुमचं समाधान? मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बसायचं होतं, पण बाकावर सगळी अनोळखी माणसं होती.

आई मात्र तिच्यापाशी येऊन थांबली. आठवड्याभरात पहिल्यांदाच.

“बूट घातलेच नाहीत तिने?”

“नाही, ताई. नुसते मोजे.”

“कोणते?”

“पिवळे. एकाच्या अंगठ्याशी भोक होतं.”

“हो,” आई म्हणाली. “मी शिवणार होते ते.” आणि ती जिना उतरून गेली.

त्या महिन्याच्या अठराव्या दिवशी बाबा मुलीला घेऊन आपल्या भावाकडे, दुसऱ्या देशात निघून गेले. पुढच्या तारखेला वकील आला आणि पत्ता माहीत नाही म्हणाला. आणखी तीन महिन्यांनी हुकूम झाला, आणि तो पूर्ण आईच्या बाजूने झाला. मुलीला ताबडतोब आईच्या स्वाधीन करावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, खाली सही, शिक्का, सगळं. फक्त हा कागद जिथे चालत होता तिथे मुलगी नव्हती, आणि मुलगी जिथे होती तिथे हा कागद चालत नव्हता. तिथे पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा, तिथला वकील, तिथले न्यायाधीश. शाळेतल्या शिक्षिका हे सगळं डब्याच्या सुट्टीत एकमेकींना सांगत आणि मावशी आली की डबे झाकू लागत.

मोठ्या बाईंनी मावशीला काढलं नाही. काढलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कार्डं नवी केली, मोठ्या फोटोंची, आणि कार्ड दाखवल्याशिवाय मूल सोडायचं नाही असं पत्रक काढलं. वरातीमागून घोडं, असं मावशी मनात म्हणाली आणि कामाला लागली. आता ती चष्मा लावून फाटकाशी उभी राही. पिशवीसाठी दुसरा खिळा ठोकून घेतला होता. फौजदाराची आजी चार वर्षं रोज येत होती, तिलाही ती कार्ड मागे. अगं, मला ओळखत नाहीस का, असं आजी चिडून म्हणे. ओळखते, मावशी म्हणे, कार्ड द्या. मुलं आता ओळीत उभी राहत. बापाला बघून एखादं धावलं की मावशीचाच हात पुढे जाई आणि त्याला थांबवी. धावायचं नाही, आधी कार्ड. महिन्याभरात मुलांना कळलं आणि मग कोणी धावेनासं झालं.

चष्म्याचा एक तोटा झाला. कोपऱ्यावरची पाटी स्पष्ट दिसायला लागली. पिवळ्या अक्षरांत ‘घराला रंग, मनाला उमंग’ असं लिहिलेलं होतं, आणि दिवसातून शंभर वेळा ते वाचावं लागे.

आई आली ती सात महिन्यांनी. मुलं गेलेली होती, मावशी पायरी झाडत होती. आई आत कार्यालयात गेली आणि वीसेक मिनिटांनी एक कागद घेऊन बाहेर आली. ही मुलगी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या शाळेत रोज येत होती, असा दाखला. तिथल्या न्यायालयाला तो हवा होता. मुलीचं घर इथे होतं, हे आता कागदाने सिद्ध करायचं होतं. कारकुनाने हजेरीपट बघून दिवस लिहून दिले होते. एकशे एकेचाळीस.

बाईला आता काय म्हणून हाक मारायची, हे मावशीला कळेना. गोगलगाय नव्हती. पण गोगलगाईची आई होतीच, समोर उभी होती, पहिल्यापेक्षा बरीच वाळलेली. मावशीने झाडू बाजूला ठेवला, पायरी हाताने पुसली आणि म्हणाली, बसा ना ताई. आई बसली, जिथे मुलगी बसायची नेमकी त्याच जागी. तिला ते माहीत असणारच.

ती थोडंफार बोलली. पंधरा दिवसांतून एकदा फोनवर दिसते. बोलते. तिथली भाषा शिकतेय. मागच्या वेळी एका शब्दावर अडली आणि बाबांना विचारायला गेली, तो आपलाच शब्द होता. बुटांना बंद नसतात आता, चिकटपट्टीचे आहेत, एका झटक्यात घालते म्हणाली. मावशी ऐकत होती.

“चूक माझी झाली, ताई,” शेवटी ती म्हणाली. सात महिने हे वाक्य तिच्याजवळ होतं.

“मी तोंडाने सांगायला हवं होतं तुम्हाला,” आई म्हणाली. “तुम्ही रोज समोर दिसत होतात. लाज वाटली. नवऱ्याशी पटत नाही हे फाटकावर उभं राहून कसं सांगायचं, म्हणून कार्ड बदललं. कार्ड काय, ते खिळ्यालाच होतं.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. आईने दाखल्याची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून नीट घातली.

“एक विचारू? तिथे कोणी विचारलं नाही तुम्हाला ते.”

“विचारा.”

“तिने वळून बघितलं का, जाताना?”

मावशीने रस्त्याकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सगळं दिसत होतं, रंगाचं दुकान, दुकानापुढे रचलेले डबे, पाटीवरची पिवळी अक्षरं. त्या दिवशी यातलं काही नव्हतं. त्या दिवशी बटाट्याच्या कोटाची चेन होती.

“बघितलं,” मावशी म्हणाली. “कोपऱ्यावर गेल्यावर. त्या रंगाच्या दुकानापाशी. बाबांच्या खांद्यावरून मान वर काढली आणि बघितलं. तुम्ही रोज ज्या बाजूने येता ना, तिकडे.”

जीभ एकदाही अडली नाही.

आई कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी जवळून, दुकानात बघायची तसं. “चष्मा द्या जरा,” ती म्हणाली.

मावशीने काढून दिला. आईने पर्समधून मऊ फडकं काढलं, काचांवर श्वास सोडला, एक एक काच सावकाश पुसली. उजवी दांडी सैल झाली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली. मग उठून स्वतःच्या हाताने तो मावशीच्या नाकावर ठेवला, दांड्या कानांमागे सारल्या आणि तो सरळ बसलाय की नाही ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“आता दिसतंय?”

“दिसतंय.”

“कोपऱ्यापर्यंत?”

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती म्हणाली, “कोपऱ्यापर्यंत.”

आईने मान हलवली. पर्स खांद्याला लावून ती निघाली. तिचं दुकान चौकात होतं, उलट्या दिशेला. पण ती तिकडे वळली नाही. ती कोपऱ्याकडे चालत गेली. रंगाच्या दुकानापाशी, पाटीच्या खाली, डब्यांच्या शेजारी जाऊन थांबली. आणि तिथून तिने वळून शाळेकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली, तिथून काय काय दिसतं ते.

मावशीने फाटक सताड उघडलं आणि तिला नीट दिसेल अशी मधोमध उभी राहिली.